दाजींनी ओढलेला प्लग

२० एप्रिल १९९८, सोमवार. बारामती

दाजी आज परत दुकानात. वैशूचा नवरा म्हणून दाजी म्हणायचं. एमआयडीसीतली पहिली पाळी सुटली की माणसानं घरी जावं, जेवावं, आडवं व्हावं. हे सरळ आमच्या बाकड्यापाशी. "काय इंजिनियर मंडळी, काय फोडताय आज?" असं म्हणत माझा स्क्रू-ड्रायव्हर उचलतात. वैशू हसते. मी हसत नाही.

डिप्लोमा दोघींनी केला, कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान दोघींनी काढलं. पाटीवर तिचं नाव आणि माझं. तिसरं नाव मला तरी दिसत नाही.

इंदापूरचे छापखानेवाले तात्या त्यांचा कॉम्प्युटर टाकून गेले. जुनं फार रखडतं. नवा डबा, नवा बोर्ड जोडून द्यायचा, हार्ड डिस्क मात्र जुनीच. तिच्यात लग्नाच्या सगळ्या पत्रिका. जाताना म्हणाले, "समदा सीझन ह्यात हाय पोरींनो. जपून."

"फ्लॉपीवर घेतलंय का तात्या?"

"एवढं फ्लॉपीत मावतंय व्हय?"

२१ एप्रिल, मंगळवार

तात्यांचा जुना डबा उघडला. आत धूळ, त्यात शाईचा चिकटा. भिंतीतला प्लग काढला आणि एकेक सोडवत गेले. बोर्डाचे प्लग सुटले. चपटी केबलही आली, टोकाचं काळं प्लास्टिक दोन्ही कडांनी आलटून पालटून उचललं तशी. पण डिस्कचा करंटचा प्लग, तो पांढरा, चार वायरींचा! सिमेंटनं बसवलाय जणू. एका हातानं डिस्क धरली, दुसऱ्या हातानं प्लास्टिक, आणि हळूहळू डावं-उजवं. ढिम्म हलला नाही. अंगठ्याचं नख उलटलं. वर-खाली करायची सोय नाही, प्लग ज्यात बसतो ती डिस्कच्या बाजूची बैठक तुटते. वायर धरून तर नाहीच नाही.

सोडून दिलं. उद्या वरकुट्याला, चुलतबहिणीचा साखरपुडा. वैशूला बजावलं, "ह्याला हात लावू नकोस. परवा आले की बघते. कुठं पळून जात नाही."

"नाही लावत गं बाई."

२३ एप्रिल, गुरुवार

रागाच्या भरात लिहितेय.

दुकानात आले तर डिस्क टेबलावर कागदात गुंडाळलेली. पुडी सोडली. प्लग निघालेला, पण डिस्कची बैठकही त्याच्याबरोबर उपटून आलेली. पिना लोंबतायत.

"कुणी केलं?"

"ह्यांनी काढला."

"काढला? ह्याला काढणं म्हणतात?"

मग सगळं बाहेर आलं. काल दाजी म्हणाले, एवढ्याशा प्लगला दोन दिवस लागतात होय? डबा गुडघ्यानं दाबला, चारी वायरी मुठीत धरल्या आणि विहिरीतनं बादली ओढावी तसं ओढलं. वैशू समोर उभी होती. हिनं डिप्लोमाला माझ्यापेक्षा जास्त मार्क काढलेत. हिला माहीत नव्हतं?

"अगं, ते मदतच करत होते."

मदत! कुणी मागितली होती?

२४ एप्रिल, शुक्रवार

आजच्यासारखा अपमान जन्मात झाला नाही.

तात्यांचा फोन. वैशूनं उचलला. मी हातभर अंतरावर. म्हणाली, "तात्या, थोडा प्रॉब्लेम झालाय. सुनंदाच्या हातून प्लग काढताना... हो ना, चुकून."

तिनं फोन ठेवला आणि माझ्याकडं न बघता फडकं घेऊन टेबल पुसायला लागली.

"माझं नाव घेतलंस?"

"तात्या तुला काही बोलायचे नाहीत. ह्यांचे मामा तात्यांच्या शेजारीच राहतात. ह्यांनी मोडलं असं सांगितलं तर संध्याकाळपर्यंत सासरी कळेल. मग मला घरात राहणं मुश्कील होईल."

"आणि माझं नाव इंदापूरभर झालं तर चालतं?"

"तुझं काय गं, तू तर..."

पुढं बोललीच नाही. तू तर काय? बिनलग्नाची? एकटी? माझ्या नावाला विचारणारं कुणी नाही? वाक्य पूर्ण केलं असतं तर निदान भांडता आलं असतं.

२५ एप्रिल, शनिवार

डिस्क घेऊन पुण्याला. दुरुस्तीवाल्यानं भिंग लावून बघितलं. "कुणी ओढलं हो एवढ्या ताकदीनं?" ऐकून घेतलं. त्याला वाटलं मीच. "बैठक परत सोल्डर करतो. डिस्क फिरली तर फिरली. खात्री देत नाही."

परतीच्या एसटीत एकच घोळत होतं. मी पुण्याला का गेले? ज्यानं ओढलं तो का नाही?

२६ एप्रिल, रविवार

दुकान बंद. वैशूनं घरमालकिणीकडं फोन केला होता. घेतला नाही. उद्या इंदापूर. तात्यांना तोंडावर सांगणार, मी त्या दिवशी वरकुट्याला होते. खरं खोटं करायला साखरपुड्याचे फोटो आहेत म्हणावं.

२७ एप्रिल, सोमवार

सकाळची एसटी. लासुर्ण्याला उसाच्या ट्रॉलीमागं अडकलो, तेवढ्यात सगळं भाषण परत एकदा म्हणून झालं.

छापखान्यात तात्या स्वतः स्टुलावर बसून हातानं पत्रिका लिहीत होते, मजकूर परत जुळवायला. तरी सुरू केलं, "तात्या, ते प्लगचं मी केलं नाही. मी तर त्या दिवशी वरकुट्याला..."

"व्हय गं, ठाऊक हाय मला. काल ती आलती की, तुझी मैत्रीण. म्हणली, तात्या, माझ्याच हातनं झालं. फोनवर भ्याले अन् सुनंदाचं नाव घेतलं. लय रडली हितं बसून."

मी उभीच.

"बस. चहा घे. आता दोघी भांडू नका म्हंजे झालं."

चहा घेतला. दाजींचं नाव जिभेच्या टोकावर होतं. भिंतीपलीकडं त्यांचे मामा खोकत होते, ऐकू येत होतं. नाही बोलले. का नाही बोलले? माझं नाव तर सुटलं. पण खोटं तसंच आहे, फक्त माणूस बदलला. आणि ही रविवारी एकटी एसटीनं इंदापूरला गेली, परक्या माणसासमोर रडली, कुणासाठी?

आता तिच्यावर रागवायचीसुद्धा सोय ठेवली नाही तिनं. ह्याचाही राग येतोय.

२९ एप्रिल, बुधवार

दुकानात गेले. मीच विषय काढला.

"तात्यांकडं खोटं का बोललीस?"

"तुझं नाव त्यातनं काढलं ना?"

"स्वतःचं कशाला घातलंस?"

"मग कुणाचं घालू?"

तेवढ्यात दाजी आले. भजी घेऊन. "काय, झाली का त्या म्हाताऱ्याची डिस्क? बघा, एका झटक्यात काढून दिला होता प्लग!"

मी वैशूकडं बघितलं. तिनं मान खाली घातली. ह्या माणसाला काहीच माहीत नाही! बैठक उपटली, मी पुण्याला गेले, ही इंदापूरला जाऊन रडली, आणि हे भजी खातायत.

ते गेल्यावर वैशू म्हणाली, "एकदा सांगायला गेले होते. म्हणाले, मी नसतो तर तुमचा प्लग अजून तिथंच असता."

असता! तिथंच असता तर बरं झालं असतं. आज ना उद्या मी काढला असता.

३० एप्रिल, गुरुवार

पुण्याहून फोन. डिस्क फिरली. बहुतेक पत्रिका शाबूत. तात्यांना कळवलं तर म्हणाले, "देव पावला."

वैशू पळत येऊन गळ्यात पडली. "झालं ना मग सगळं? मिटलं ना?"

मी तिचे हात सोडवले. डिस्क जिवंत झाली म्हणजे कुणी मोडलीच नव्हती असं होतं का?

२ मे, शनिवार

आज सांगून टाकलं. दाजींनी दुकानात यावं, बसावं, चहा प्यावा. बाकड्याला आणि मशीनला हात लावायचा नाही. आणि मोडलेलं त्यांनीच मोडलं हे त्यांना कळलं पाहिजे. नाहीतर मी माझी हत्यारं उचलते.

वैशू म्हणाली, "तूच सांग त्यांना. मला नाही जमत."

"नवरा तुझा आहे."

"दुकान दोघींचं आहे ना?"

तसं बरोबर आहे, आणि तसं अजिबात बरोबर नाही.

पाळी सुटायची वेळ झालीय. काउंटरवर बसून हे लिहितेय. काय बोलायचं ते मनात मांडून बघते, प्रत्येक वेळी पहिलंच वाक्य वाकडं येतं. वैशू आता शेजारच्या स्टुलावर येऊन बसलीय. बोलत नाही, पण बसलीय.

बाहेर दाजींची गाडी लागली. मी सुरुवात करणार. तिनं मधे निदान एकदा तरी "सुनंदा खरं सांगतेय" म्हणावं, एवढंच.