अठ्ठ्याण्णव नंबरचा जेट

मी, जैनब जहीर शेख, वय सेहेचाळीस वर्षे, धंदा मोटारसायकल दुरुस्ती, राहणार राजुरा, जिल्हा चंद्रपूर, हा कागद माझ्या स्वतःच्या हाताने, पूर्ण शुद्धीत आणि कोणी सांगितले म्हणून नव्हे, तर मला वाटले म्हणून लिहीत आहे. प्रकृती ठणठणीत आहे. कालच एक इंजिन एकटीने फ्रेमवर चढवले. तरी लिहिते, कारण आमचे अब्बा, जहीर मिस्त्री, काहीही न लिहिता गेले आणि वाटणीपायी मी व माझा धाकटा भाऊ शहबाज चार वर्षे एकमेकांच्या घरी जेवलो नाही. शेवटी त्याने बाजारातले स्पेअर पार्टचे दुकान घेतले, मी गॅरेज आणि मागच्या दोन खोल्या घेतल्या. तो प्रसंग पुन्हा नको.

१. मागच्या दोन खोल्या, भांडीकुंडी आणि बँकेतली ठेव शहबाजला जावी. माझे लग्न दोन वर्षे टिकले, मूल नाही, अम्मीही हयात नाही; तोच एक वारस आहे. अंगणातले सीताफळ मात्र तोडू नये. ते अम्मीने लावले आहे.

२. गॅरेज, त्यातली सर्व हत्यारे आणि अब्बांची १९७८ सालची येझदी मोटारसायकल मी शहबाजच्या पत्नीला, रुखसारला देत आहे. आमच्या कायद्याप्रमाणे जो वारस नाही त्याला मला मालमत्तेच्या तिसऱ्या हिश्श्यापुरतेच देता येते. गॅरेज त्याहून जास्त भरते, म्हणून शहबाजची संमती लागेल; ती या कागदाखालीच लिहून मागत आहे. कायद्याने ती माझ्यामागे पुन्हा घ्यावी लागेल हे मला ठाऊक आहे, पण माणूस स्वतःचे अक्षर सहसा नाकारत नाही. त्याला तिथे गोदाम करायचे आहे. तो सही करील की नाही, हे या ओळीपर्यंत मला माहीत नाही. म्हणून कारण लिहिते.

३. अब्बांची येझदी चौदा वर्षे ताडपत्रीखाली होती. मी ती पूर्ण खोलून बांधली. कार्बोरेटरमधून जुना मेन जेट काढताना त्याचे डोके तुटले. जेट म्हणजे शेंगदाण्याएवढा पितळी तुकडा. त्याच्या भोकातून किती पेट्रोल जायचे ते ठरते. त्यावर ९० आकडा होता. कंपनीच्या पुस्तकातही ९०. मी शहबाजच्या दुकानातून नवा ९० आणून बसवला. गाडी सुंदर सुरू झाली आणि बल्लारपूरला जाताना वर्धा नदीच्या पुलावर इंजिन जाम झाले. प्लग चुन्यासारखा पांढरा, म्हणजे पेट्रोल कमी. शहबाजने टेम्पोत घालून गाडी भर बाजारातून आणली आणि चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाला,

“आपा, किताबात नव्वद, जुन्यावर नव्वद, नव्यावर नव्वद. जेटचा दोष नाई, हाताचा हाय. भंगारात टाक.”

मी तीन दिवस गॅरेज उघडले नाही. चौथ्या दिवशी रुखसार डबा घेऊन आली. ती गोधड्या शिवते, पदराला सुई टोचलेलीच असते. दोन्ही जेट तिने उजेडात धरले आणि सुई घातली. जुन्यातून सुई आरपार गेली, नव्यात अर्ध्यावर अडकली.

“आपा, नंबर सारखा, पन भोक नाई. कोनीतरी हे मोठं करून ठेवलं.”

कोणीतरी म्हणजे अब्बा. आमच्याकडे खाणीची धूळ, रस्त्याकडेचे बाटलीतले पेट्रोल. जेट सारखा तुंबतो. अब्बा तो क्लच केबलच्या तारेने साफ करत. तीस वर्षे तार घासून नव्वदचे भोक रुंदावले होते, वरचा आकडा तसाच राहिला. त्यांनी सायलेन्सरही आतून मोकळा केला होता, त्यामुळे इंजिन हवा जास्त घेई आणि हे मोठे भोक त्याला बरोबर पुरे. मी बापाच्या हाताखाली वाढले आणि बापाच्या तारेवर शंका घेतली नाही. चूक माझी तेवढीच.

नवा पिस्टन घातला. मग ९५, ९८ आणि १०० आणले. प्रत्येक जेटवर सरळ रस्त्याला पूर्ण थ्रॉटल, तिथेच इंजिन बंद, तिथेच प्लग उघडायचा. ९५ ला फिका राखाडी. १०० ला काळा, ओला, आणि गाडी खोकत होती. ९८ ला भाजलेल्या चारोळीचा रंग, म्हणजे पेट्रोल नेमके. रुखसार रस्त्यावरच नाचली.

४. पुढचे शहबाजला मी आजवर सांगितलेले नाही. त्यानंतरच्या जानेवारीत आम्ही दोघी येझदीवर आलापल्लीला गेलो. तो समजत होता, रुखसारच्या माहेरच्या लग्नाला. जाताना मी चालवली. अब्बा जिथे ट्रक दुरुस्त करायला जात, त्या आरागिरणीचा म्हातारा चौकीदार लालसूभाऊ आवाज ऐकूनच फाटकाबाहेर आला. डोळ्यांनी त्याला कमी दिसते.

“जहीर मिस्त्री आला काय?”

“मिस्त्री नाई, भाऊ. त्याची पोरगी.”

त्याने टाकीवर हात ठेवला आणि म्हणाला, “मंग मिस्त्रीच आला.”

परतताना आष्टीपासून राजुऱ्यापर्यंत गाडी रुखसारने चालवली. एकदाही बंद पडली नाही. इतकी खुशी मला आयुष्यात दुसरी आठवत नाही. गॅरेज तिला का, याचे उत्तर संपले.

५. रुखसारला सूचना: जेटमध्ये तार कधीही घालू नये, नायलॉनच्या ब्रशचा एक केस पुरतो. आकडा वाचावा, पण विश्वास प्लगवर ठेवावा.

६. पुलावर जाम झालेला तो पिस्टन मी जपून ठेवला आहे. तो माझ्या पश्चात शहबाजला द्यावा. दुकानातली बिले दाबायला बरा.

वरील मजकूर मी वाचून, समजून सही केली.

जैनब जहीर शेख
राजुरा, १२ फेब्रुवारी २०२५

साक्षीदार:
१. गुणवंतराव निखाडे, शेजारी
२. डॉ. उर्वशी गेडाम (लिहिणारीची प्रकृती व बुद्धी तपासली, दोन्ही उत्तम)

वारसाची संमती:
वाचलं. दोनदा वाचलं. गॅरेज अन गाडी रुखसारचीच, माझी हरकत नाई. लालसूभाऊचं मले सांगाले पाह्यजे होतं, आपा. नव्वदवर मीच अडून बसलो होतो. पिस्टनसाठी तू मरायची वाट काऊन पाहू? आजच दे, गल्ल्यावर ठेवतो.
शहबाज जहीर शेख