आईच्या भाषेचा तास

४ जून
आले एकदाची! दोन वर्षं लढाईने घरात कोंडून ठेवलं होतं, आता विद्यापीठात नोकरी. भौतिकशास्त्राच्या इमारतीला वाळूच्या पोत्यांचा कोट, ग्रंथालयाच्या काचांना चिकटपट्ट्या, पण माझी खोली झकास आहे. टेबलाचा एक पाय आखूड, तेवढं चालायचंच. मी नदीपलीकडची भाषा शिकवणार, म्हणजे माझ्या आईची. आई अजून पलीकडेच अडकली आहे, एकटी. विभागप्रमुखांनी चहा पाजला आणि सांगितलं, काम मनासारखं झालं तर तिला पूल ओलांडायचा परवाना मिळवून देऊ. माणूस देवासारखा वाटला.

११ जून
विद्यार्थी विचित्र आहेत. सगळ्यांचे केस बारीक, पाठी ताठ. जांभई न देणारा वर्ग मी जन्मात पाहिला नव्हता. उच्चारांच्या बाबतीत मी खडूस, एकेकाला रडकुंडीला आणते. फक्त एकाला काही सांगावं लागत नाही. तो कुणाचीही हुबेहूब नक्कल करतो, म्हणून मी त्याचं नाव पोपट ठेवलं. आज त्याने माझंच रागावणं माझ्याच आवाजात करून दाखवलं. वर्गात कुणी हसलं नाही.

१९ जून
प्रमुखांनी हेडफोन लावून एका माणसाचं बोलणं ऐकवलं आणि विचारलं, हा कुठल्या गावचा? मी लगेच सांगितलं, मिठागरांच्या गावचा. पलीकडे दर दोन कोसांवर बोली बदलते आणि मला सगळ्या तोंडपाठ आहेत. अखेर कुणीतरी माझ्या विद्येची कदर केली. तो माणूस मधेमधे हुंदके का देत होता, हे विचारायचं राहिलं.

२३ जून
रेडिओवर ऐकलं, मिठागरांचं गाव बेचिराख झालं. तणतणत प्रमुखांकडे गेले. ते शांतपणे म्हणाले, आपण ज्ञान द्यायचं, पुढे त्याचं कोण काय करतं हे आपल्या अभ्यासक्रमात नाही. मग त्यांनीच मला आईच्या परवान्याची आठवण करून दिली. मी परत वर्गावर आले. मेल्याला शरम नाही. मला तरी कुठे आहे?

२७ जून
आजचा आवाज बाईचा. पहिल्याच शब्दाला ओळखलं. आईच्या गावची बाई! मी खोटं सांगितलं, डोंगरावरच्या ओसाड वस्तीचं नाव घेतलं. प्रमुखांनी मान डोलावली. पण मागे पोपट बसला होता. तो नम्रपणे म्हणाला, आपल्या मॅडमचं बोलणं अगदी या बाईसारखंच आहे. असं ऐकायला त्याला मीच शिकवलं.

१ जुलै
राजीनामा दिला. घेतला नाही. फाटकावरचा शिपाई म्हणाला, ताई, तुम्हाला बाहेर सोडायचा हुकूम नाही.

३ जुलै
वर्गात शिरले तर सगळे हेडफोन लावून एकच वाक्य घोकत होते – चिमणे, मी आले गं, दार उघड. आईचा आवाज; मला चिमणी ती एकटीच म्हणते. सगळ्यांच्या तोंडून आईचा. म्हणजे आई यांच्या हातात –
प्रमुख म्हणाले, उद्या तोंडी परीक्षा, परीक्षक तुम्ही. बंद खोलीत बसायचं. बाहेरून हाका येतील, त्यांत एक खरी. जिला दार उघडाल ती तुमची. चुकलात तर वर्ग पास, आणि मग आईची आम्हाला गरज नाही.

४ जुलै
भर दुपार. सुरू झालं.
जिन्यात आई. खिडकीखाली आई. भिंतीपलीकडे –
भिंतीपलीकडची नाही. स्वर उसना आहे. पोपटाचा तर नव्हे –
खिडकीखालची अडखळते. शब्द खाते. चिमणे धड म्हणता येत नाही. नापास.
जिन्यातली एकही चूक करत नाही. तीच. तीच माझी आई. कडी काढली –
खिडकीखालची अजून हाक मारतेय – घोगरं, तुटक –
अरे देवा. मार खाल्लेलं माणूस इतकं शुद्ध कसं बो–