ताईच्या रक्ताने रंग दाखवला

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (गुडघ्यांमुळे हल्ली तो कागदावरच घालतो.) तू, भावजी आणि भावजींचा रक्तदाब आपापल्या जागी असाल, अशी आशा आहे.

परवा आमच्या जुन्या प्रयोगशाळेवरून गेलो. तिथे आता केस कापायचं दुकान झालंय. जिथे आमचं रक्त फिरवायचं यंत्र घरघरायचं, तिथे एका गृहस्थांची दाढी चालली होती. मला अगदी गलबलून आलं. (कारागिराने माझ्या टकलाकडे बघून, इथे तुमचं काही काम दिसत नाही, असं नजरेनेच सांगितलं.)

आठवतं ना? पांढऱ्या पेशी नायट्रिक ऑक्साईड नावाचा वायू तयार करून जंतूंचा निकाल लावतात, हे आमच्या सरांना माणसाच्या पेशींत दाखवायचं होतं. (‘म्हणजे त्यांनाही गॅस होतो,’ असं तू म्हणालीस आणि सर कितीतरी दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत.) वायू झाला की नळीतलं औषध गुलाबी व्हायचं. उंदराच्या पेशी असल्या की नळी लाजल्यासारखी रंगायची. माणसाच्या मात्र ढिम्म. माझं रक्त झालं, शिपायाचं झालं, खुद्द सरांचं झालं, पण पाणी ते पाणीच. रक्त देणारे आटले, तेव्हा चहाच्या आमिषाने तुला बोलावलं. सुई बघून मलाच घाम फुटला आणि धीर तू दिलास.

तुझी नळी गुलाबी झाली! सर चक्क नाचले. उंदरांच्या तोडीची या घराण्यात मीच, म्हणून तू घरभर मिरवलीस. मग सरांनी तुझी नळी पुन्हा उजेडात धरून बघितली. मला बाजूला घेऊन म्हणाले, “निरोगी माणसाच्या पेशी उगाच अशा चवताळत नाहीत. ताईंची छाती तपासून घ्या.”

क्षय निघाला, पण वेळेत. तू प्रत्येक गोळीला माझा उद्धार करायचीस आणि मगच ती गिळायचीस. तू झोपलीस की मी उशाशी बसून तुझ्या पेशींना सांगायचो, लढा गं बायांनो. (हे तुला आजवर बोललो नव्हतो.) त्या लढल्या. तेव्हाइतका घाबरलो कधी नव्हतो, आणि तेव्हाइतक्या गप्पाही आपण पुन्हा कधी मारल्या नाहीत.

भावजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. भाचीकडून कळलं, महिनाभर खोकते आहेस आणि ‘हवा बदलली’ म्हणून सगळ्यांना गप्प करते आहेस. ताई, डॉक्टरकडे चल. एवढंच लिहायचं होतं.

पुन्हा ता. क. ‘पुढच्या आठवड्यात जाईन’ असं उत्तर लिहायला बसू नकोस. हे पत्र पोस्टात टाकलेलं नाही, मीच तुझ्या हातात दिलंय. वाचून झालं असेल तर ऊठ, गाडी खाली थांबवली आहे.