कोरडं फडकं

कुपवाड, मंगळवार, १२ ऑगस्ट १९९७

साप्ताहिकात माझ्या नावानं आलेला लेख माझा नव्हताच. सिनेमाच्या कॅसेट घरी कशा जपाव्यात, असा पुण्याच्या मासिकातला तो लेख. संपादक म्हणाले, "शब्द तेवढे फिरवा, बाई. कोण बघतंय?" माझे हे वारल्यावर ज्या शब्दकोशावर वाचायला शिकले, तोच घेऊन बसले. 'बुरशी'ची 'भुरी' केली. 'कोरड्या फडक्यानं पुसा' होतं, तिथं 'स्वच्छ फडक्यानं' लिहिलं.

आज शेजारच्या शालनवहिनी त्यांच्या मुलीच्या लग्नाची कॅसेट घेऊन आल्या. फडकं धुऊन, ओल्यानंच फीत पुसलेली. सगळी चिकटली. पंगतीत जिलबी वाढणारे हे होते त्यात. चालतेबोलते हे आणखी कुठंच नाहीत.

"आवं, तुमी लिवलंय म्हणून केलं की!"

"फडकं नीट पिळलं नसेल तुम्ही," मी म्हणाले.

असं कसं बोलले मी? कोरडं. तो एक शब्द तरी राहू द्यायचा होता.

वहिनींचे डोळे भरले. "व्हय, माझंच चुकलं. तुमचे मालक पण होते त्यात. माफ करा, ताई."

आणि मी त्यांना तशाच जाऊ दिलं.