दत्तूची न चुकलेली गाठ

४ जाने. ५६, बुध.
मी घेते त्या कबमधली, म्हणजे छोट्या बालवीरांतली, सहा पोरं यंदा मोठ्या बालवीरांत जाणार. गोरेसर म्हणाले, शपथ देऊन मोकळे होऊ. मोठ्यांचं पथक त्यांचं, पण मी म्हटलं, मुळीच नाही. अकरा वर्षांची पोरं, गंमत हवी. शाळेच्या चौकात माझं निळं पातळ अंथरून नदी, वर फळी, डोळे बांधून पार व्हायचं. खाली गोणपाटाची मगर, आत खुद्द गोरेसर. सर आधी नको नको म्हणाले, मग शेपूट किती लांब हवं ते विचारायला लागले.

८ जाने., रवि.
परीक्षा घेतल्या. सहाही पास, वहीत सह्या केल्या. दत्तूच्या गाठी सगळ्यांत सुबक. त्याचे वडील पोलिसात शिपाई, पोलीस लाइनीतल्या खोलीत राहतात. मगर शिवायचं काम त्यानं स्वतः मागून घेतलं.

१८ जाने., बुध.
मुंबई महाराष्ट्राला नाही, असं परवा रेडिओवर ऐकलं तेव्हापासून शाळा बंद. कर्फ्यू. खिडक्या लावल्या तरी अश्रुधुरानं डोळे चुरचुरतात. त्या सहांतला मधू समोरच्या चाळीत राहतो, त्याच्या काकाच्या मांडीत पोलिसांची गोळी लागली. दूध आणायला उतरला होता म्हणतात. मोर्चात होता, असंही म्हणतात. काय फरक पडतो.

३० जाने., सोम.
शाळा सुरू. मधूचे वडील आले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.
"बाई, पोलिसाचं पोर त्या फळीवर चढणार असेल तर आमचा मधू येणार नाही. बाकीच्यांचंही तेच म्हणणं आहे."
अकरा वर्षांच्या पोरानं कुणाचं काय केलंय, असं विचारायला हवं होतं. "बघते," म्हटलं.
गोरेसर म्हणाले, "तुमची मुलं, तुम्ही ठरवा."

३१, मंगळ.
ठरवलं. म्हणजे भ्याले. दत्तूला बाजूला घेतलं. तुझी रीफ नॉटची गाठ राहिलीय, पुढच्या खेपेला जा म्हटलं.
"पण बाई, वहीत सही आहे."
"घाईत केली. गाठ चुकली होती."
"कुठे चुकली?"
"उजवा डाव्यावर, मग डावा उजव्यावर. तू दोन्ही वेळा उजवाच वर घेतलास."
त्यानं मान हलवली. शिवून आणलेली मगर टेबलावर ठेवली आणि गेला. मी वहीतली सही खोडली.

५ फेब्रु., रवि.
समारंभ झाला. छान झाला, हेच वाईट. गोरेसरांना मगरीच्या आत शिंक आली, मधू दचकून फळीवरून थेट नदीत बसला. आईबाप पोट धरून हसले. इतक्या दिवसांत गल्लीत कुणी हसलं नव्हतं. मीही हसले. मगरीला दत्तूनं पांढऱ्या बटणांचे दात लावले होते. मधूच्या आईनं विचारलं, कुणी शिवली हो? म्हटलं, मुलांनी.

७ फेब्रु., मंगळ.
बाजारात दत्तूची आई भेटली. "बाई, पोरगा सारखा सुतळी घेऊन बसलेला. नळाला गाठी, खाटेला गाठी. बरं केलंत, कडक राहिलात ते."
भाजी न घेता परतले.

११, शनि.
राहवेना. लाइनीत गेले. वडील एकटेच होते, पट्ट्याचं पितळ घासत. सगळं सांगितलं. मधूचे वडील, माझी भीती, खोडलेली सही. त्यांनी पट्टा खाली ठेवला.
"इथं गोळी चालली त्या दिवशी मी शीवच्या बंदोबस्तावर होतो, बाई. गोळी झाडली नाही. पण कुणाकुणाला सांगत बसू?" मग म्हणाले, "त्याला यातलं सांगू नका."
"पण तो उगाच..."
"गाठ चुकली तर पोरगं परत बांधील. बापच चुकीचा निघाला तर काय करील?"
बरं म्हटलं. त्यांनी चहा केला. मी प्यायले.

१२, रवि.
दत्तू पुन्हा परीक्षेला आला. डोळे मिटून बांधली. तशीच, सुबक.
"बरोबर," मी म्हटलं.
"मागच्या वेळी पण मी अशीच बांधली होती, बाई. चुकलेली कशी असते, तुम्ही दाखवता?"
सुतळी माझ्या हातात दिली नि समोर बसला. मी उजवा डाव्यावर घेतला. पुढे हात चालेना.
"उद्या दाखवते," म्हटलं.
"चालेल," म्हणाला.
त्याच्या वडिलांना शब्द दिलाय. उद्या शाळा साडेदहाला. तो दहालाच येऊन बसेल.