बेचाळीस, त्रेचाळीस आणि डावा पाय

रवि. ५ जाने.
सायकलवर डुमसचा समुद्रकिनारा आणि परत. अडतीस कि.मी. डाव्या पायाची बोटं आजही गेली. गेली म्हणजे जागेवरच होती, बूट काढून मोजली, पाच भरली. पण माझ्याशी बोलत नव्हती. पंधराव्या कि.मी.ला करंगळी रुसली, विसाव्याला तिने शेजारीण फोडली, घरी पोचेपर्यंत अख्खी आळी बंद.
सोबत सायकल चालवणाऱ्या दिलीप पाटलांचं निदान तयार होतं. रेल्वेतून निवृत्त झाल्यापासून ते सगळ्याचेच तज्ज्ञ आहेत. "मास्तर, बूट आवळतोय तुमचा. रुंद बघा."
हा बूट त्यांच्याच सल्ल्याने घेतलेला. कडक तळ, खाली खुंटी, ती पेडलमध्ये खट्कन बसते. पाय आणि सायकल एक होतात म्हणे. माझा पाय माझ्याशीच एक राहिला नाही, त्याचं काय.
लोचो खाल्ला. अर्धीच प्लेट. शुगर.

बुध. ८ जाने.
डॉक्टर. सु. सोबत होतीच, एकट्याने गेलो तर मी निम्मंच सांगतो, हे तिला सत्तावीस वर्षांत कळलंय.
डॉ. म्हणाले, दोन शक्यता. बूट आवळत असेल, नाहीतर सहा वर्षांच्या साखरेने नसा धरल्या असतील. "एकाच पायाला आहे ना? मग आधी बूट बदला. महिनाभर बघा. चांगल्या बुटातही झालं, किंवा दुसऱ्या पायाला सुरू झालं, तर थांबू नका, लगेच या. रोज रात्री तळवे बघत जा."
"उजवा कसा आहे?"
"ठणठणीत."
सु. माझ्याकडे बघत होती.
बाहेर येऊन म्हटलं, "चल, बूट शोधू." लग्न झाल्यापासून मी स्वतःहून दुकानाचं नाव काढलेलं नाही. तिला तिथेच शंका आली असणार. तिने दवाखान्याची फाईल पिशवीत नीट घातली.

रवि. १२ जाने.
अठवा लाइन्सचं सायकलीचं दुकान. काचेत इतके बूट की पाय असल्याची लाज वाटावी. मालकाने लोखंडी पट्टीवर उभं केलं. डावा बेचाळीस, रुंदी "एक्स्ट्रा". ती "एक्स्ट्रा" त्याने अशा आवाजात सांगितली, जसं काही मी दुसऱ्याचा पाय उचलून आणलाय.
बेचाळीस घातला. टाच बसली, बोटं चेपली. त्रेचाळीस घातला. बोटं मोकळी, टाच पायरीवर चढल्यासारखी वर-खाली.
"काका, पहेरशो एटले सेट थई जशे." घालत गेलात की बसेल म्हणे.
"बूट की पाय?"
"बन्ने." दोन्ही.
हे बूट ज्या पायासाठी काढलेत तो पाय कधी अनवाणी शाळेत गेलेला नाही. मी सातवीपर्यंत अमळनेरकडच्या काळ्या मातीत चाललो. बोटं पंख्यासारखी पसरलीत, आता मिटत नाहीत. तो पंखा आता चिमट्यात घालायचा.
त्रेचाळीस घेतला. घरी घालून बघायचा, खुंटी लावायची नाही, आठवड्यात परत चालेल असं ठरलं.

मंगळ. १४ जाने.
उतराण, म्हणजे इथली पतंगांची संक्रांत. सायकल बंद, मांजा गळा बघत नाही. सगळी सोसायटी गच्चीवर, मी खाली हॉलमध्ये नवे बूट घालून फेऱ्या मारतोय. दिलीपरावांचं शास्त्र: संध्याकाळी पाय सुजलेला असतो, तेव्हाच माप खरं. म्हणून सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. लादीवर टक टक टक.
सु.: "घरात घोडा बांधलाय का?"
वरून "काप्योऽऽ!" माझाही कापला. टाच सोलून निघाली.
मनात एक नीच समाधान. बूट चुकला! अजून एक चुकला! लिहून ठेवतो, म्हणजे नंतर नाकारता येणार नाही.

गुरु. १६ जाने.
त्रेचाळीस परत. मोबाइलवर मागवलेला "रुंद पायांसाठी" आला. रुंदी फक्त नावात. तोही परत. कारण निवडा म्हणतात: लहान आहे, मोठा आहे, विचार बदलला. पुढच्या बाजूला लहान आणि मागच्या बाजूला मोठा, असा रकाना नाही. "विचार बदलला" दाबलं. या वयात जे जे म्हणून बदलतं त्यात निदान विचार तरी.
पांडेसऱ्याच्या मिलमध्ये, रंगखात्यात दिवसभर उभा. एका व्यापारी पार्टीचा मोरपंखी रंग चार वेळा काढला. "मास्तर, थोडो लीलो लागे छे." म्हणजे हिरवट. सव्वीस वर्षं लोकांच्या नजरेचा रंग जुळवतोय, आणि स्वतःच्या पायाला एक बूट जुळत नाही.

शनि. १८ जाने.
उधना स्टेशनजवळचा जगनदादा. पारोळ्याचा. तीस वर्षं तिथेच बसून चपला-बूट शिवतोय. दिलीपरावांनी फोनवर गाठून दिला.
"मी बनाडी देस. जाड तळ, आतमा पत्रा, तुन्ही खुंटी आवळी देस. पायनं माप धाड."
उद्या नाशिकला चाललाय, भाचीचं लग्न; येऊन परवा लगेच बुटाचा लाकडी फर्मा कोरायला घेणार. माप आजच हवं. मला मिलमधून निघता येईना. कागद शोधला तर सगळे पार्टीच्या चलनाचे. शेवटी जॉर्जेटच्या ग्रेचा, म्हणजे न धुतलेल्या कोऱ्या कापडाचा, तुकडा जमिनीवर पसरला, त्यावर उभा राहिलो, फोल्डिंगवाल्या रमेशभाईने मार्किंगच्या पेनाने दोन्ही पाय काढले. सोबत चिठ्ठी: करंगळीजवळ जागा सोड.
तुकडा दुपारीच मिलच्या पोराबरोबर घरी पाठवला. संध्याकाळी दिलीपराव येऊन घेऊन गेले.

शनि. २५ जाने.
बूट तयार. गेलो. जगनने कौतुकाने समोर ठेवले. काळं चामडं, पांढरी शिलाई, सुरेख. इयत्ता सहावीच्या मुलाला अगदी चपखल.
"दादा, हे काय?"
"माप तूच धाडं ना भाऊ!"
त्याने कापड काढून पसरलं. माझेच पाय, माझीच पंख्यासारखी बोटं, पण सगळं आटलेलं. आणि कापड पांढरंशुभ्र. इस्त्रीची घडी.
घरी फोन.
"हो, मी धुतलं. तळव्यांचे डाग होते त्याच्यावर. लोकांकडे तसं द्यायचं? गरम पाण्यात उशांच्या अभ्र्यांबरोबर टाकलं, इस्त्री फिरवली. पेन पक्कं होतं बाई, अजिबात गेलं नाही."
पेन पक्कं असणारच. ते आमच्या उकळत्या टाकीतून जाऊनही टिकावं म्हणूनच असतं. आणि जॉर्जेट गरम पाण्यात आटतं हे मी सव्वीस वर्षं येईल त्या पार्टीला सांगतो. धुऊन घ्या, मग मापं घ्या. रोज सांगतो. काल दोघांना सांगितलं.
मिलमध्ये कळलं तर रमेशभाई माझ्या निवृत्तीच्या समारंभात हेच सांगेल.
जगन खूप हसला. मग त्याने मला पुठ्ठ्यावर उभं केलं, पेन्सिल फिरवली, खाली बसून डाव्या पायाची बोटं एकेक दाबली.
"दुखस का?"
"नही."
"आठे?" पुढचं बोट.
"नही."
त्याने पेन्सिल खाली ठेवली. वर बघितलं. "भाऊ, आते मी जोरमा दाबं." आत्ता जोरात दाबलं होतं म्हणे.
म्हटलं, माझा पाय टणक आहे, शेतकऱ्याचा आहे. त्याने पुन्हा पेन्सिल घेतली.

रवि. २६ जाने.
सायकलवर गेलो नाही. झेंडावंदन, मंडळात. स्मरणिकेसाठी विनोदी लेख मागतात, "जरा हलकंफुलकं, मास्तर." दरवर्षी मी लोकांची फजिती करतो आणि लोक दुसऱ्याचीच समजून हसतात. यंदा बुटावर लिहावं म्हटलं. कापड आटल्यापर्यंत झकास झालं. पुढे पेन चालेना.
जगनच्या बोटांचा दाब आठवतोय. म्हणजे आठवतोय असं नाही. आठवायला तो लागायला हवा होता.

शनि. १ फेब्रु.
दुसरा जोड तयार. जगनने उजव्यात हात घालून आकारासाठी कोंबलेला वर्तमानपत्राचा बोळा काढला, आत बघ म्हणाला, पत्रा कुठे लागत नाही ना. मी बघितलं. नाही. तेवढ्यात दुसरं गिऱ्हाईक आलं. पिशवीत घालून निघालो.

रवि. २ फेब्रु.
लिहितो, ठळक लिहितो. बूट सापडला.
अडतीस कि.मी. एकही तक्रार नाही. टाच घट्ट, तळ कडक, चेपणं नाही, चावणं नाही. डाव्याचं सगळं शांत. मधे काही बधिरपणा येतोय का म्हणून लक्ष ठेवून होतो. आला असं काही जाणवलं नाही. दिलीपराव म्हणाले, "बघा, रुंदीचाच प्रश्न होता." म्हटलं, गुरुवर्य. आज पूर्ण प्लेट लोचो, वर पोंकही, म्हणजे ज्वारीचा हुरडा.
येताना बमरोलीजवळ एका तरुण पोराला मागे टाकलं. तो फोनवर बोलत होता, तरी टाकलं.
म्हणजे नसा नाहीत. म्हणजे बूटच होता. म्हणजे महिनाभर उगाच

त्याच दिवशी, दुपार
वरचं लिहीत असताना सु. ने न्हाणीतून हाक मारली. मोजा हातात. डाव्याचा. पुढून ओला, तांबूस.
"पाय दाखवा."
करंगळी आणि तिची शेजारीण, दोन्हीवर फोड आलेले, एक फुटलेला. मी वाकून बघितलं. आपलंच आहे यावर विश्वास बसायला वेळ लागला.
तिने बूट उचलला, आत हात घातला आणि बोळा काढला. वर्तमानपत्राचा. दाबून दाबून सुपारीसारखा झालेला. जगनने उजव्यातला काढून दाखवला होता, डाव्यातला राहिला होता. मी तसाच पाय घातला. तसाच डुमसला गेलो.
"हे टोचलं नाही?"
"नाही."
"अडतीस किलोमीटर?"
"मला वाटलं, बूट छान बसलाय."
ती न्हाणीच्या उंबऱ्यावरच बसली. मग उठून कोमट पाणी आणलं. पाणी किती गरम आहे ते तिने स्वतःच्या मनगटावर बघितलं. मला विचारलं नाही.
बोळा उलगडून पाहिला, सवय. राशिभविष्य. माझी रास फाटलेल्या बाजूला.

सोम. ३ फेब्रु.
रजा. मिलला सांगितलं, पाय मुरगळला. मुरगळणं लोकांना समजतं.
डॉ.ची वेळ बुधवारी सकाळी नऊ. फोनवर त्यांनी आधी उजव्याचंच विचारलं. इकडून सु. बोलत होती. ती म्हणाली, "ठणठणीत, असं हे म्हणतात." असं हे म्हणतात!
उजव्याबद्दल मी खोटं बोललो नव्हतो. मी त्याला विचारलंच नव्हतं. डाव्याने इतका गोंधळ घातला की उजवा गप्प बसणारा सज्जन वाटला. मिलमध्येही असा एखादा सज्जन असतो. पुढे कळतं, तो कित्येक महिने कामावरच नव्हता.
महिनाभर बूट बदलत होतो. खरं म्हणजे चुकीचा बूट मिळत राहावा अशीच इच्छा होती. चुकीच्या बुटात माझा पाय शाबूत होता.
जगनचा फोन. दिलीपरावांनी सांगितलं असणार.
"भाऊ, मन्ही चुकी. बोळा मी काढाले पाहिजे व्हता."
"नाही रे दादा. बूट एक नंबर आहे."
आहेही.

मंगळ. ४ फेब्रु.
संध्याकाळ. दिवाबत्ती झाल्यावर सु. वातीच्या डब्यातून कापसाची वात घेऊन आली. मोबाइलवर कुणा डॉक्टरचा व्हिडिओ बघितलाय. मला दिवाणावर आडवं केलं, डोळे मिटायला लावले.
"मी वात लावीन. कुठलं बोट ते सांगायचं. लबाडी करायची नाही."
"करंगळी सोडून सांगतो. ती पट्टीत आहे."
"बोलू नका. डावा आधी. सांगा."
"अंगठा."
"हं. आता?"
"अंगठा. परत."
"हं."
तिचा आवाज मास्तरणीसारखा, बरोबर की चूक काही कळू देत नाही. बाहेर कुणाच्या तरी कुकरची शिट्टी. मी मन पायात नेऊन बसवलं. रंग जुळवताना बसवतो तसं. काहीतरी आलं. हलकं, कडेला, अगदी वातीइतकं.
"आता?"
"मधलं."
या वेळी "हं" आलं नाही.
"मधलं ना? मधलंच."
ती म्हणाली, "अजून लावलीच नव्हती."
डोळे उघडले. वात तिच्या हातातच होती, वीतभर लांब. ती हसली नाही, मीही नाही. एरवी या प्रसंगावर मी दोन पानं लिहिली असती.
"उजवा?" तिने विचारलं.
मी पाय जवळ ओढून घेतला. म्हटलं, उद्या बघतील ना डॉक्टर, त्यांच्याकडे यंत्र असतं.
"बघतील. पण तुम्हाला आत्ता बघायचंय का?"
तिने वात बशीत ठेवली, वाट बघत बसली. मी ही वही मागितली. लिहितोय तोवर ती काही म्हणणार नाही, हे मला माहीत आहे, तिलाही माहीत आहे.
पान संपत आलंय. उजवा मोजा अजून पायात आहे.