आजींच्या चपला आणि शैलेंद्रचा सायलेन्सर

चि. शैलेंद्र यास,

प्रस्तुत चिठ्ठीत प्रथम तुझ्या स्पोर्ट्स कारच्या आवाजाविषयी माझे मत व तदनंतर आजच्या दुपारची आज्ञा कथन करण्यात येईल.

महिनाभर तू अंगणात सायलेन्सर बदलून "दादा, आता वाघ वाटतो ना?" असे विचारीत आहेस. वाघ नव्हे, अपचन झालेली म्हैस वाटते. रविवारी ऋताला पाहायला मंडळी आली असता, घराण्याचा रुबाब दिसावा म्हणून तू ऐन कांदेपोह्यांच्या वेळी तोच आवाज पूर्ण उघडलास. मुलाच्या आजी "भागो, सिलिंडर फुटला!" असे ओरडत अनवाणी फाटकाबाहेर गेल्या. त्यांचा निरोप अद्याप नाही. आपल्या बहिणीला मुलगा आवडला आहे. तिने आजींच्या चपला पुसून ठेवल्या आहेत.

त्या चपला घेऊन मी फ्रीगंजला त्यांच्या घरी क्षमा मागण्यास व मंडळींना पुन्हा आणण्यास जात आहे. अर्थातच रिक्षाने. सायलेन्सर उघडण्याचा तुझा रिमोट माझ्या खिशात आहे. तरीही आवाज करण्याची ऊर्मी अनावर झाल्यास मिक्सर चालव. चटणी वाटायची राहिली आहे.

चिठ्ठी फ्रिजवर असल्याने घरातील समस्त वाचकांचे आभार.

तुझा वडील बंधू,
अनिल